बाटल्या धुण्याबद्दल

तंजावर,
७ डिसेंबर १९९५

प्रिय श्रीकर,

तुझं पत्र सोमवारी पोचलं. अठरा वर्षांनी पत्र, आणि तेही टाइप केलेलं! सही तेवढी हातची. कागद मात्र छान आहे हो तुझ्या कंपनीचा, गुळगुळीत, वर निळ्या शाईत तुझं नाव आणि नावापुढे डिग्र्यांची शेपटी. ‘माय डिअर अंबू’ हे टाइप करताना तुझ्या ऑफिसातल्या मुलीला काय वाटलं असेल कोण जाणे. तू इंग्रजीत लिहिलंस, मी आपल्या बाळबोध अक्षरांत लिहिते आहे. रागावू नकोस. रागवायची पाळी माझी आहे, आणि माझा राग मला इंग्रजीत नीट येत नाही.

तुझ्या आईचे, आमच्या मामींचे, गुडघे कसे आहेत? चातुर्मासात अजून पोथी वाचतात का? आमचे अप्पा नेहमी म्हणायचे, आपल्या तंजावरच्या सुनांमध्ये वैनींसारखं खणखणीत वाचन कुणाचं नाही. लावण्याला माझा नमस्कार सांग. तिला मी अजून बघितलेलं नाही, तुमच्या लग्नाचं बोलावणं आलं नव्हतं. मी ठीक आहे. त्याच मुलींच्या कॉलेजात, त्याच फिजिक्सच्या प्रयोगशाळेत, त्याच डेमॉन्स्ट्रेटरच्या खुर्चीवर. खुर्चीचा वेत मात्र दोनदा नवा विणून घेतला.

आता तुझी अडचण. ती मी साध्या शब्दांत मांडते, म्हणजे कुणालाही कळेल. सरकारने परवान्यांची अट सोडल्यापासून इकडे खाजगी डेअऱ्या अळंब्यांसारख्या उगवल्या. त्यातल्या एकीने तिरुवैयारूच्या बाजूच्या दहा गावांत दूध घेण्याच्या जागी तुझे मीटर बसवले. वाटीत दूध ओतायचं, दोन पट्ट्यांमधून वीज जाऊ द्यायची. दुधात मीठ असलं, किंवा गाईची कास सुजून दूध खारट झालेलं असलं, की वीज सुळकन पलीकडे जाते, काटा लाल पट्टीत शिरतो, आणि दूध परत. पाणी घालून वर मीठ टाकलं तर लॅक्टोमीटर फसतो, पण तुझी पेटी फसत नाही, अशी तुझी जाहिरात. गावची माणसं तिला करंट पेटी म्हणतात. काही बायका तर म्हणतात, या पेटीने दुधाला शॉक बसतो आणि मग विरजण धरत नाही! ते असो. पण आता ही पेटी चांगलं दूधही माघारी पाठवायला लागली आहे. डेअरीने तुला कारण विचारलं आहे. पंधरा तारखेच्या बैठकीत कारण दिलं नाहीस तर दहाही पेट्या उचलून ने, आणि पुढच्या दोनशे विसर. तू डोकं आपटून दमलास आणि तुला अंबू आठवली. जुन्या वहीतले आकडे नक्की कुठल्या तापमानाचे, एवढंच कळव म्हणतोस. कळवते ना. आकडा याच पत्रात आहे, शेवटी आहे. मधली पानं गाळून शोधू नकोस. सापडला तरी तो तुझ्या उपयोगी पडायचा नाही.

तुला ती मार्गळी, ते मार्गशीर्षातले थंडीचे दिवस, आठवतात का रे? सत्याहत्तर सालचे. तू मद्रासहून सुट्टीला आला होतास आणि नऊनऊपर्यंत अंथरुणात लोळायचास. आम्ही पाचला उठायचो. गल्लीत देवळाचा लाउडस्पीकर सुरू, बायका दारात कोलमची रांगोळी काढताहेत, आणि आमच्या मागच्या अंगणात अप्पा गळ्याला मफलर गुंडाळून थर्मामीटर घेऊन बसलेले. दूधवाली शेषम्मा तिच्या गावाहून पहिल्या बसने सात बाटल्या घेऊन यायची, सात गाईंच्या, प्रत्येक बाटलीच्या गळ्याला केळीच्या सोपटाची गाठ. एक गाठ म्हणजे तांबडी, दोन गाठी म्हणजे मोडक्या शिंगाची, असं. काढलं तेव्हाची ऊब अजून त्या काचेला असायची. कॉलेजातून मी विजेचा अडथळा मोजायचा मोडका ब्रिज मागून आणला होता, दूध ठेवायचं भांडं माझं मीच बनवलं होतं. आईचा जुना डवरा भांडीवाल्याकडून कापून घेतला आणि त्याच्या दोन पट्ट्या केल्या. आई आठ दिवस बोलत नव्हती, डवऱ्याविना कॉफी निवायची कशात म्हणून.

कानाला हेडफोन लावून मी ब्रिजची खुंटी फिरवायची. कानात गुणगुण चालू असते, खुंटी जागेवर आली की गप्प होते. गप्प झाली की आकडा लिहायचा. मला ते फार आवडायचं. प्रत्येक गाईची गुणगुण वेगळ्या जागी थांबायची, आणि मोडक्या शिंगाच्या गाईची थांबायचीच नाही लवकर. अप्पा म्हणाले, हिची कास बघायला सांग. शेषम्माने बघितली तर एका सडाला सूज! त्या दिवशी अप्पांनी मला घरात नेऊन साखर खायला घातली. लॅक्टोमीटरला जे दिसत नव्हतं ते मला ऐकू आलं होतं. पंचवीस वर्षांची होते मी. माझ्या आयुष्यात तेवढा आनंद मला पुन्हा झाला नाही, खरं सांगते.

दूध गरम असलं की वीज जास्त जाते, गार असलं की कमी. त्यामुळे सगळ्या बाटल्या एकाच तापमानाला आणल्याशिवाय आकड्यांना काडीची किंमत नाही. आमच्याकडे कुठली आली थंड करायची मशीन? अप्पांनी मातीचा मोठा घडा आणला, रात्रभर अंगणात ठेवला. मार्गळीच्या पहाटे घड्यातलं पाणी रोज त्याच एका तापमानाला उभं असायचं, अर्धा अंश इकडे ना तिकडे. बाटल्या त्यात सोडायच्या, अप्पांनी थर्मामीटर बघायचा, आणि वहीच्या पहिल्या रकान्यात तापमान लिहायचं. बाकीचे रकाने माझे. कॉलेजची सवय म्हणून माझे सगळे आकडे इंग्रजी. पहिला रकाना तेवढा अप्पांच्या हातचा. महिनाभर, साठ पानं, पहिल्या रकान्यात तोच एक आकडा.

पोंगलला तू ती वही चाळलीस. म्हणालास, अंबू, हे तंजावरात कुजवायचं काम नाही, मद्रासला टाइप करून आणतो, तुझ्या नावाने छापायला पाठवू. माझं तुझं ठरलेलं होतं. मामाची सून व्हायचं हे मला पाळण्यात असल्यापासून माहीत, आणि मला तू आवडत होतास, यात लपवायचं काय आता. वहीच काय, मागितला असतास तर तो कापलेला डवराही दिला असता. पंगुनीत, फाल्गुनात, मुहूर्त बघायचं चाललं होतं. आईने माझ्यासाठी मयूरकंठी रेशमी पट्टू साडी घेऊन ठेवली होती.

पुढच्या वर्षी तुझा प्रबंध आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत आला. माझ्या भांड्याचं चित्र, माझी सात गाईंची कोष्टकं, सगळं तसंच्या तसं. वर नाव तुझं. आभाराच्या पानावर गाइड, प्रिन्सिपॉल, टायपिस्ट, आणि सगळ्यात खाली एक ओळ: कुमारी अंबुजा, बाटल्या धुण्याबद्दल. श्रीकर, मी त्या पानाकडे बघत उभी होते आणि लायब्रेरियनबाई मला विचारत होत्या की पुस्तक हवं आहे का. बाटल्या मी धुतल्या हे खोटं नाही. राखेने घासून, गरम पाण्याने, रोज सात. थंडीने बोटं फुटली होती. आयत्या बिळावर नागोबा हे ऐकलं होतं, पण नागोबा बीळ खणणाऱ्याचे आभार मानताना पहिल्यांदाच बघितला.

इथे जरा दम घ्यावा. पाणी प्यावं.

मी तुला चार ओळी लिहिल्या. तू उत्तर दिलं नाहीस. उत्तराऐवजी मामांचं अप्पांना पत्र आलं की मुलीची इच्छा नसेल तर जबरदस्ती नको. माझी इच्छा नाही! तू घरी सांगितलंस की अंबूला नोकरी सोडायची नाही, तिला सासूजवळ राहायचं नाही, मद्रासचं घर तिला नको. हे सगळं मला कळलं ते सहा वर्षांनी, तेही दुसऱ्याच्या तोंडून. अप्पांनी वहीचा वाद काढू दिला नाही. घरची गोष्ट चव्हाट्यावर नको, आणि तीही तुझ्याच आईच्या माहेरची, असं म्हणाले आणि मफलर घेऊन बाहेर जाऊन बसले. मी त्यांचं ऐकलं. तेवढी एक चूक माझी.

मामींना तुझं खरं वाटलं. का वाटू नये? पोटचा मुलगा. त्यांनी आईशी बोलणं टाकलं. सख्ख्या बहिणींसारख्या होत्या दोघी नणंदा-भावजया. एकमेकींच्या घरून रसम, पोडी, लोणची यायची जायची, वर्षाच्या पापडांचं पीठ दोघी मिळून कुटायच्या. ते सगळं एका दिवसात बंद. चौऱ्याऐंशीत आई आजारी पडली ती उठलीच नाही. मी मद्रासला तार केली. कुणी आलं नाही. शेवटचे चार दिवस दारात रिक्षा थांबली की आई डोळे उघडायची, वैनी आली का, म्हणून विचारायची. मी म्हणायचे, येताहेत, वाटेत आहेत. ती ते ऐकत गेली. वही तू नेलीस ते मी एखादे दिवशी विसरले असते. हे विसरायची नाही.

पुन्हा दम घ्यावा. थोडंच उरलं आहे.

दीपावलीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेषम्मा माझ्या दारात आली. दारापुढच्या ओट्यावर, तिण्णैवर, बसली आणि ढसाढसा रडली. आता तिचे केस पांढरे झाले आहेत, नवरा गेला, सातांच्या जागी दोनच गाई राहिल्या, त्यातली एक म्हातारी. करंट पेटीने तिचं दूध लागोपाठ तीन दिवस परत केलं होतं, मीठ घातलं म्हणून. डेअरीच्या माणसाने केंद्राच्या फळ्यावर खडूने तिचं नाव लिहिलं: भेसळ. तिच्या दुधाने त्या गावच्या पिळ्ळैयारला, गणपतीला, रोज सकाळी अभिषेक व्हायचा, तिच्या सासूच्या आधीपासून. गुरुक्कळांनी, तिथल्या पुजाऱ्यांनी, निरोप पाठवला की खारट दूध देवाला नको. शेषम्मा मला म्हणत होती, अम्मा, एखादे दिवशी हात वाकडा होऊन पाणी पडलं म्हण, मान खाली घालीन, पण मीठ? मीठ घालून मी देवाला आंघोळ घालीन का? त्या गावातली पोरं तिला बघून उप्पु पाटी म्हणायला लागली होती. मिठाची आजी.

मी तिच्याबरोबर बसने गेले. तुझी पेटी मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. सुरेख आहे हो, हिरवा रंग, आत माझ्याच त्या भांड्याच्या आकाराचं भांडं. आणि झाकणावर इंग्रजी आकड्यांत छापलेलं: सगळं मोजमाप एकोणतीस अंशांना. मी ते वाचलं आणि हसत सुटले. डेअरीचा माणूस घाबरला, शेषम्मा घाबरली, म्हातारीला वेड लागलं असं त्यांना वाटलं असणार. एकोणतीस! मर्यादा माझी, गार दुधाची, आणि तू तिच्यावर तोलतोस कोमट दूध. मग प्रत्येक दूध आहे त्यापेक्षा खारट दिसणार. तरण्या गाईचं तरीही सुटतं, कारण त्यात मुळातच वीज कमी जाते. म्हाताऱ्या, आटत आलेल्या गाईचं दूध आधीच काठावर असतं, ते अडकतं. मद्रासला तू हौदातलं मिसळलेलं दूध तपासलंस, त्यात हे कळणार कसं? एकेका गाईची गुणगुण तू कधी ऐकलीसच नाहीस ना. मी शेषम्माचं दूध घरी आणलं, बर्फाच्या पाण्यात हव्या त्या अंशावर आणलं, तोच जुना ब्रिज लावला. स्वच्छ दूध. सत्याहत्तरला होतं तसंच.

ज्या बाईच्या दुधावर तुझ्या डिग्र्या उभ्या राहिल्या, तिलाच तुझ्या यंत्राने चोर ठरवलं! तू नकळत केलंस म्हणशील. चोराला आपण काय उचललं ते धड वाचताही आलं नाही, याला मी नकळत म्हणत नाही.

त्याच दिवशी तुला तार करता आली असती. केली नाही. मला ठाऊक होतं की तुझी पेटी आता गावोगावी अडणार आणि तुला माझ्या दाराशी यावं लागणार. त्या पत्राची मी पाच आठवडे वाट बघितली, रोज पोस्टमनच्या सायकलकडे कान लावून. शेषम्माला तिचं दूध निर्मळ आहे एवढं सांगितलं, पण फळ्यावरचं नाव तसंच राहू दिलं. तिने विचारलं, अम्मा, अजून का पुसत नाहीत? मी म्हटलं, ज्याने लिहायला लावलं त्यालाच पुसू दे. पाच आठवडे तिचा देव दुसऱ्याच्या दुधाने न्हाला. ते पाप माझं, आणि तिच्यासमोर ते मी कबूल केलं आहे. तुला सांगते आहे ते एवढ्यासाठी की सुडाचा रोग मला किती जडला आहे ते तुला कळावं.

काल मी डेअरीच्या मॅनेजरना इंग्रजीत रजिस्टर पत्र टाकलं. अर्धं पान. पेटीत चूक काय, सुधारायची कशी, आणि एक विनंती: पंधरा तारखेला या गृहस्थांना मूळ वही घेऊन यायला सांगा, आणि पहिला रकाना कुणाच्या हातचा आहे ते विचारा. त्यांना हेही विचारा की तापमान नेमकं तेवढंच का? हवामानखातं वापरत नाही, पुस्तकात नाही, मग आलं कुठून? याचं उत्तर एका मातीच्या घड्यात आहे, आणि ते तुला आज पहिल्यांदा कळतं आहे. तिथे उभं राहून ते तुला सांगावं लागेल. आतोबांच्या, माझ्या अप्पांच्या, घड्यातून आलं म्हणून.

आता आकडा. पण आधी हे पत्र मी का लिहिलं ते ऐक. हे तुला वाचता येत नाही, श्रीकर. अप्पा तिण्णैवर पाटी घेऊन आपल्या सगळ्यांना बाळबोध शिकवायचे तेव्हा तू बॅट घेऊन पळायचास. मद्रासमध्ये नागरी वाचणारा मारवाडी शेठ तुला सापडेल, पण घरची ही अब्रू तू परक्यापुढे उलगडणार नाहीस, तेवढा मी तुला ओळखते. तुझ्या घरात ही अक्षरं वाचणारं माणूस एकच आहे. त्यामुळे इथपर्यंत तू जे ऐकलंस ते तुझ्या आईच्या आवाजात ऐकलंस. वही, बाटल्या, तुझी थाप, माझी आई दाराकडे डोळे लावून, सगळं. आणि आकडा शेवटी होता म्हणून तुला त्यांना थांबवता आलं नाही. मामी, तुम्हाला नमस्कार करते. मधे मधे दम घ्यावा लिहिलं ते तुमच्यासाठी होतं. तुमच्यावर माझा राग नाही, आईचाही नव्हता. फक्त ती वाट बघत होती. तिची मयूरकंठी साडी अजून माझ्याकडे आहे, तुम्ही आलात की तुमच्या अंगावर घालीन. याला घेऊन या, पंधराच्या आत. शेषम्माच्या गावी त्या फळ्यावरचं नाव याने आपल्या हाताने पुसावं आणि चारचौघांत म्हणावं की मीठ दुधात नव्हतं. तुम्ही सांगितलंत तर तो येईल. आणि आकडा हा घ्या: २१. तोंडाने सांगा मामी, कागद त्याला दाखवू नका. अप्पांचा एक त्याला इंग्रजीतला नऊ दिसला होता, आणि माझं अक्षर अप्पांवरच गेलं आहे.

तुझीच,
बाटल्या धुणारी
अंबुजा